घंटी वाजली की नेट जायचं

आईला नातीशी बोलायचं होतं, तेवढ्यासाठी हे सगळं सुरू झालं. २०१३ साल. ताई स्टुटगार्टला, तिची धाकटी नुकती पावलं टाकायला लागलेली, आणि इकडे गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी ओटीवरचा कॉम्प्युटर जुलैच्या दमट हवेत कायमचा बंद पडलेला. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट घरात होतं, पण जुना मोडेम एका पोर्टचा, फक्त कॉम्प्युटरला जोडता येईल असा. ताईने सुट्टीवर येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर टॅब्लेट पाठवला. त्याला नेटची वायर लावायला जागाच नाही. म्हणजे घरात वायफाय हवं, आणि दिवाळीला मी घरी जाईन तेव्हा ते बसवायचं, असं ठरलं.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत केली. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "केबलवाला देऊ का टेलिफोनवाला?" हा प्रश्न त्याने विचारला नसता तर मी चुकीचा डबा घेऊन दोनशे-अडीचशे किलोमीटर गेले असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पांढरा डबा आणि वर दोन दांड्या. पण केबलवाल्याच्या नेटसाठी जो नुसता राउटर असतो, त्याला मागे लॅन वायरची रुंद पिन बसते, आणि त्यात मोडेम नसतो. टेलिफोनच्या तारेसाठी मागे फोनच्या वायरची बारीक पिन बसेल असं भोक हवं, आणि खोक्यावर एडीएसएल हा शब्द हवा. त्यात मोडेम आणि राउटर दोन्ही एकत्र असतात. मी एडीएसएल टू प्लसचा, चार लॅन पोर्टांचा घेतला. सोबत एकाच तारेवरचे फोन आणि नेट वेगळे करणारा एक नवा स्प्लिटरही घेतला, कारण घरचा जुना पिवळा पडून त्याची कळ सैल झाली होती.

धनत्रयोदशीला सकाळी एसटीतून उतरले आणि चहा झाल्यावर लगेच डबा उघडला.

जोडणी सोपी. बाहेरून आलेली तार स्प्लिटरच्या 'लाइन' लिहिलेल्या भोकात, 'फोन' लिहिलेल्या भोकातून फोन, 'मोडेम' लिहिलेल्या भोकातून मोडेम. मग माझ्या लॅपटॉपला लॅन वायर. पहिल्या वेळी सेटिंग वायर लावूनच करावं, वायफायवरून करू नये. सेटिंग बदललं की वायफाय तुटतं आणि आपण कुठे होतो तेच कळेनासं होतं.

राउटरवरचे दिवे नीट ओळखून घेतले की अर्धं काम होतं, असं माझं मत आहे. पॉवरचा दिवा सोडला तर दोन महत्त्वाचे. एक डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या जोडणीचा, आणि दुसरा इंटरनेटचा. डीएसएलचा लुकलुकत असेल तर मोडेम आणि टेलिफोन एक्सचेंजमधलं यंत्र अजून एकमेकांना शोधताहेत. तो स्थिर झाला की तारेवरची ओळख पटली. इंटरनेटचा दिवा त्यानंतर, युजरनेम आणि पासवर्ड मान्य झाला की लागतो. पहिला स्थिर आणि दुसरा बंद असेल तर तारेकडे बघायचं कारण नाही, चूक सेटिंगमध्ये आहे. पहिलाच लुकलुकत असेल तर पासवर्ड शंभरदा टाकून काही होणार नाही.

आमचा पहिला दिवा मिनिटभरात स्थिर झाला. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, डब्यामागच्या चिकटपट्टीवरचं ॲडमिन नाव आणि पासवर्ड घातला, पान उघडलं. लाइनची वाट सांगणारे दोन आकडे, व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५, आणि जोडणीचा प्रकार पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायचा. हे दोन आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असू शकतात, आमच्या लाइनचे हे होते. पुढची दोन घरं युजरनेम आणि पासवर्डची, आणि तिथे काम अडलं.

जुना मोडेम ब्रिज मोडमध्ये होता. म्हणजे तो नुसता पूल, लॉगिन करायचं काम कॉम्प्युटरवरच्या डायलर नावाच्या प्रोग्रॅमचं. पासवर्ड त्या डायलरमध्ये काळ्या ठिपक्यांच्या रूपाने साठवलेला होता, आणि तो कॉम्प्युटर जुलैतच गेला होता. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "टेलिफोनच्या फायलीत असेल."

ही फाइल मी लहानपणापासून पाहत आले आहे. खाकी पुठ्ठ्याची, लाल नाडीची. बाबांनी फोनसाठी अर्ज केला १९८८ साली, आणि फोन लागला १९९५ला. सात वर्षं. अर्जाची पोच, स्मरणपत्रं, डिमांड नोट, पैसे भरल्याची पावती, सगळं तारखेवार लावलेलं. फोन लागला त्या दिवशी अर्ध्या वाडीने येऊन नुसती डायलटोन ऐकली होती, मी तेव्हा सातवीत होते. त्या फायलीच्या शेवटच्या कागदावर, ब्रॉडबँडच्या अर्जाच्या मागे, बाबांच्या शिक्षकी अक्षरात युजरनेम आणि पासवर्ड लिहिलेला होता. बरोबर दोन वर्षांपूर्वी पासवर्ड बदलला तेव्हाचा नवा, तारखेसह. मी टाकला, सेव्ह केलं, राउटर पुन्हा सुरू झाला, आणि इंटरनेटचा दिवा लागला.

वायफायला नाव दिलं, सुरक्षेत डब्ल्यूपीए टू आणि एईएस निवडलं. त्या यादीत डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार असतो, तो कधीही घेऊ नये, तो काही मिनिटांत फोडता येतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, बंद केली. राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड बदलला. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग ज्याला वायफाय दिलं त्या प्रत्येकाच्या हातात घराची किल्लीही जाते. नवे दोन्ही पासवर्ड बाबांनी त्याच फायलीत लिहून ठेवले.

संध्याकाळी टॅब्लेटवर ताई दिसली. आईने पदर नीट केला, नातीने पडद्याला हात लावला, आणि ओटीवरच्या फोनची घंटी वाजली. चित्र गोठलं. दोन मिनिटांनी परत आलं. पुन्हा पाच मिनिटं बोलणं, पुन्हा फोन, पुन्हा गोठलं. दिवाळीचे दिवस, सगळ्या नातेवाइकांचे फोन लँडलाइनवरच येणार. आमच्याकडे मोबाइलची रेंज अंगणाच्या कोपऱ्यात फणसाखाली उभं राहिलं तर मिळायची.

इथे मी दोन दिवस घालवले, आणि ते का गेले हे सांगायलाच खरं म्हणजे लिहायला बसले आहे. माझ्या डोक्यात वायफाय होतं. नवी वस्तू वायफायची, म्हणजे दोष तिथलाच. पुण्याच्या सोसायटीत मी वायफायची भांडणं खूप निस्तरली होती. तिथे वीस-वीस राउटर एकाच जागी कालवा करत असतात, म्हणून चॅनल १, ६ किंवा ११ यातला मोकळा बघून लावायचा, हा माझा पहिला उपाय. तो इथे केला. पण आमच्या वाडीत दुसरं वायफायच नव्हतं, मग चॅनल बदलून सुधारणार काय? मग वाटलं, भिंती. आमचं घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटाच्या. जांभ्याच्या एवढ्या जाडीतून वायफाय जाताना पार थकतं हे खरं आहे. म्हणून राउटर फडताळावर ठेवून पाहिला, मग माजघराच्या दारावरच्या फळीवर. आत टॅब्लेटवर सिग्नलच्या रेषा वाढल्या, स्वयंपाकघरातही नेट यायला लागलं. घंटी वाजली की जायचं ते जातच राहिलं.

पाडव्याच्या सकाळी बाबा आरामखुर्चीत बसले होते, राउटर त्यांच्या समोर. मामाचा फोन आला. आईने उचलला. बाबा मला म्हणाले, "घंटी वाजते तेव्हा तो दुसरा दिवा लुकलुकायला लागतो. शेवटचा तसाच राहतो. हे तू बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. शेवटचा दिवा वायफायचा होता. तो शांत होता, टॅब्लेटवरच्या रेषाही पूर्ण होत्या. लुकलुकत होता तो डीएसएलचा. म्हणजे घरातल्या हवेत काहीच बिघाड नव्हता. घंटी वाजली की मोडेमची एक्सचेंजशी असलेली पकड सुटत होती. दोष तारेत होता, आणि मी दोन दिवस तारेकडे सोडून सगळीकडे बघत होते.

राउटरच्या पानावर स्टेटस नावाचा भाग असतो. तिथे डीएसएलखाली दोन आकडे असतात, ते प्रत्येकाने एकदा तरी बघावेत. पहिला ॲटेन्युएशन, म्हणजे एक्सचेंजपासून आपल्यापर्यंत येता येता सिग्नल किती क्षीण झाला. तो जितका कमी तितका चांगला, आणि तो मुख्यतः अंतरावर ठरतो, आपल्या हातात फारसा नसतो. आमचा होता ४१ डेसिबल. एक्सचेंज तीनेक किलोमीटरवर, त्या मानाने ठीक. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन. तारेवरच्या खरखरीच्या वर आपला सिग्नल किती हात राखून आहे, ते हा सांगतो. हा जितका जास्त तितका चांगला. सहाच्या खाली असेल तर लाइन कधीही सुटू शकते. आमचा ५ होता, तोही फोन खाली ठेवलेला असताना. प्लॅन २ एमबीपीएसचा. एवढ्याशा वेगाला ४१च्या ॲटेन्युएशनवर मार्जिन याहून बरंच वर असायला हवं होतं.

आता हे असं का होतं ते थोडक्यात सांगते. एकाच जोडतारेवरून फोन आणि इंटरनेट दोन्ही जातात, कारण दोघांची पट्टी, म्हणजे लहरींची वारंवारता, वेगळी आहे. माणसाचा आवाज टेलिफोनवर साधारण ४ किलोहर्ट्झच्या आत संपतो. एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झला सुरू होऊन वर जातं, एडीएसएल टू प्लस तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. स्प्लिटर या दोघांना वेगवेगळ्या वाटेला लावतो. पण जो फोन स्प्लिटरच्या आधीच तारेला जोडला असेल तो या वाटणीत येतच नाही. घंटी वाजवायला एक्सचेंज तारेवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी दाब पाठवतं, एरवी तिथे ४८ व्होल्टचा डीसी असतो. असा मोकाट फोन वाजला, उचलला किंवा ठेवला की त्याचा धक्का थेट मोडेमला.

आमच्या घरी मोकाट फोन होता, माजघरात. आईला ओटीवर धावायला लागू नये म्हणून बाबांनी गावातल्या वायरमनकडून पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन, जोडून घेतला होता, १९९९ किंवा २०००च्या सुमारास. तेव्हा ब्रॉडबँड नव्हतं, त्यामुळे त्या वायरमनचं काही चुकलं नव्हतं. ती वायर ओटीवरच्या फोनच्या डबीच्याही आधी, बाहेर वाशापाशीच, मूळ तारेला पिळून जोडली होती. नंतर ओटीवर स्प्लिटर लागला, तो फक्त ओटीवरच्या फोनपुरता. माजघरातल्या फोनचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

मी माजघरातल्या फोनची पिन काढली. स्टेटसचं पान ताजं केलं. मार्जिन ५चं ११ झालं. बाबांना फणसाखाली जाऊन मोबाइलवरून घरी फोन लावायला सांगितलं. ओटीवरची घंटी वाजली, दिवा एकदा थरथरला आणि स्थिर राहिला. आम्ही असं चारदा केलं. चौथ्या वेळी लाइन पुन्हा सुटली. म्हणजे अजून काहीतरी होतं.

भाऊबीज झाल्यावर, सहा तारखेला, लाइनमन आले. पन्नाशीचे, कंबरेला टेस्ट फोन लटकवलेला. बाबांना म्हणाले, "गुरुजी, आधी ऐकूया." त्यांनी फोन उचलला, एकच आकडा दाबला. डायलटोन थांबली. मग रिसीव्हर माझ्या कानाला दिला. "ताई, आता काय ऐकू येतंय सांगा." अगदी बारीक, वाळलेल्या पानांवर कुणी चालावं तशी खरखर होती. डायलटोन चालू असताना ती कधीच ऐकू आली नसती. "चांगल्या लाइनला इथे काही म्हणजे काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. मला हा प्रयोग फार आवडला. कुठलंही यंत्र नको, पान उघडायला नको. तांब्याच्या तारेवरची लँडलाइन असलेल्या कुणालाही करता येतो, आणि नेट रखडतंय म्हणून नवा राउटर घ्यायला निघण्याआधी तो करावा.

मग ते अंगणात डीपीवरून, म्हणजे घरोघरी तारा वाटून देणाऱ्या डबीवरून, आलेल्या तारेला टेस्ट फोन लावून ऐकून आले. तिथे लाइन स्वच्छ. म्हणजे दोष आमच्याच घरात. शिडी लावून वाशापाशी चढले, आणि वरूनच म्हणाले, "सापडलं."

त्यांनी तो जॉइंट कापून माझ्या तळहातावर ठेवला. दोन तारा पिळलेल्या, वर कधीकाळी गुंडाळलेली चिकटपट्टी, ती आता चुरा होत होती. आत तांबं कुठे दिसतच नव्हतं. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला जुन्या घंगाळाला धरतो तसा हिरवा थर. नखाने खरवडला तर पूड निघाली. समुद्र आमच्या घरापासून फार लांब नाही, आणि ती खारी हवा तेरा-चौदा पावसाळे त्या उघड्या पिळ्यावर बसत होती. वाऱ्याने वासा जरा हलला की आतला संपर्क कमीजास्त व्हायचा. फोनवर बोलताना ते जाणवण्याइतकं नव्हतं, कान तेवढं सोसून घेतो. वरच्या पट्टीत चालणाऱ्या इंटरनेटला ते सोसत नव्हतं.

त्यांनी तार मागे, लखलखीत तांबं लागेपर्यंत कापली. जोडायला आत जेली भरलेला छोटा कनेक्टर वापरला. दोन्ही तारा न सोलताच आत सरकवायच्या आणि वरचं बटण पकडीने दाबायचं, जेली आत दमट हवा जाऊ देत नाही. पॅरलल पूर्ण काढून टाकला. बाहेरची तार सरळ ओटीच्या एकाच डबीत, डबीतून स्प्लिटरला, आणि स्प्लिटरच्या 'फोन'मधून पुढे दोन फाटे, एक ओटीला आणि एक माजघराला. 'मोडेम'मधून फक्त मोडेम. आता घरात कितीही फोन जोडले तरी ते स्प्लिटरच्या पलीकडेच. काम करताना एकदा घंटी वाजली तेव्हा त्यांनी चटकन हात काढून घेतला. त्या वेळी तारेला हात लागला तर सणकून झटका बसतो, असं ते म्हणाले.

स्टेटसचं पान उघडलं. मार्जिन १९.

लाइनमनना फराळाचं ताट दिलं. ते खाताना बाबांनी त्यांना विचारून विचारून सगळी जोडणी एका कागदावर काढून घेतली, कुठली वायर कुठून कुठे, रंगांसकट. मी टॅब्लेटवर त्या पानाची खूण करून ठेवली आणि मार्जिनचा आकडा कुठे बघायचा ते बाबांना दाखवलं. आणखी एक गोष्ट लाइनमननी दोनदा बजावली. विजा चमकायच्या आत, आभाळ भरून आलं की लगेच, मोडेमची पॉवरची वायर आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढायच्या. नुसता स्विच बंद करून भागत नाही, टेलिफोनच्या तारेवरून आलेल्या विजेनेही मोडेम जळतो. बाबांनी ते जाड पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून डबीशेजारी टांगलं.

त्या रात्री साडेआठला, म्हणजे ताईकडे दुपारचे चार, पुन्हा टॅब्लेट लावला. आईने मांडीवर विळी घेऊन नातीला नारळ खवून दाखवला. तिला ते इतकं आवडलं की आईला पूर्ण वाटी खवावी लागली. मध्येच फोन वाजला. आई उठली, बोलून आली, बसली. नात तोवर पडद्यावर तशीच उभी होती, विळीकडे बोट दाखवत.

पुढे मेच्या शेवटी वळिवाचे दिवस आले. एके सकाळी बाबांचा मला बँकेत फोन आला. म्हणाले, "काल दुपारी चारलाच आभाळ धरलं, तेव्हाच दोन्ही वायरी काढून ठेवल्या. रात्रभर गडगडत होतं. आत्ता लावलाय. एकोणीस आहे. ताईला कळव, आज रात्री बोलू म्हणून."